हिमेजी दरवाजांतून बघा

नमस्कार मंडळी. स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास यायला लागलाय, त्यामुळे मी पाल्हाळ लावणार नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांनी हिमेजी, म्हणजे जपानातला तो प्रसिद्ध किल्ला, पाहिलाय. शिनकानसेन बुलेट ट्रेनमधून उतरायचं, स्टेशनसमोरच्या सरळ रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसतोच, तडक वर चढायचं, शेवटच्या मजल्यावरून शहराचे फोटो काढायचे आणि खाली येऊन माच्चा आइस्क्रीम. माझं म्हणणं एवढंच की असा पाहिलेला हिमेजी हा अर्धा हिमेजी. खरा किल्ला वाटेत आहे, आणि ती वाट कळायला तिथला माणूस सोबत लागतो.

आम्हाला मिळालेले गाईड म्हणजे एक निवृत्त गृहस्थ. काखेत लॅमिनेट केलेल्या नकाशांची वही, बोलणं हळू, चालणं त्याहून हळू. हिशी दरवाजातून आत शिरल्यावर त्यांनी आम्हाला थांबवलं. समोर तेन्शु, म्हणजे किल्ल्याचा मुख्य मनोरा, अगदी हाकेच्या अंतरावर दिसत होता. "आता चला," म्हणाले, "आणि तो कुठे जातो ते बघत राहा."

पुढच्या दरवाजांना इ, रो, हा, नि, हो अशी जुन्या जपानी वर्णमालेच्या क्रमाने नावं आहेत. 'हा' दरवाजा ओलांडून 'नि' दरवाजाकडे जाताना वाट एकदम उलटी वळते आणि मनोऱ्याकडे तुमची पाठ होते. 'हो' दरवाजा इतका ठेंगणा की उंच माणसाला वाकावंच लागतं. त्यापुढची युक्ती तर मला सगळ्यात आवडली. मनोरा डोक्यावर आलेला असताना वाट चक्क खाली उतरायला लागते! शत्रूला वाटावं की आपण चुकलो, बाहेर निघालो. आपल्यातले जे ट्रेकर आहेत त्यांना रायगडाचा महादरवाजा आठवेल. तिथेही दोन बुरुजांच्या आड वळण घेतल्याशिवाय दार दिसत नाही. फक्त आपल्याकडे निम्मं काम सह्याद्रीच्या कड्याने केलेलं असतं. इथे टेकडी बेताची, म्हणून सगळा चकवा भिंतींनी उभा केलाय.

या भिंतींत जंग्या, म्हणजे आतून मारा करायची भोकं, आहेत: त्रिकोणी, चौकोनी, गोल आणि उभ्या लांबट. लांबट बाणांसाठी, बाकीच्या बंदुकांसाठी. गाईडांनी माझ्या मुलीला एका त्रिकोणी जंगीला डोळा लावायला सांगितलं आणि स्वतः बाहेरच्या चढावर जाऊन उभे राहिले. तिला त्यांची टोपी, चेहरा, हातातली वही, सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांना मात्र आतलं काही दिसेना.

आणि एवढी तयारी करून या किल्ल्यावर एकही लढाई झाली नाही. आजचा मनोरा इकेदा तेरुमासाने १६०१ ते १६०९ या काळात बांधला. तो तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोकुगावा इएयासु याचा जावई, तेव्हा पैशाला आणि माणसांना तोटा नव्हता. त्याआधी इथे इएयासुच्या आधीचा सत्ताधीश हिदेयोशी याचा लहान मनोरा होता. त्या काळची एक गोष्ट सांगतात. बांधकामाला दगड कमी पडत होते. एका गरीब म्हातारीने आपल्या जात्याची तळी आणून दिली, ते ऐकून गावोगावचे लोक दगड घेऊन आले. गोष्ट खरी की रचलेली, कोण सांगणार? पण भिंतीत जाळीमागे बसवलेली ती तळी आजही दाखवतात, आणि दगडांची टंचाई तर खरीच होती, कारण प्राचीन थडग्यांतल्या दगडी पेट्याही या भिंतींत चिणलेल्या आहेत.

किल्ला टिकला तो नशिबाने, आणि बऱ्याच अंशी माणसांच्या हट्टाने. मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तो लिलावात अवघ्या २३ येन ५० सेनला गेला होता, असं सांगतात. सैन्यातल्या नाकामुरा शिगेतो या कर्नलने १८७८ साली तो जतन करावा म्हणून वर अर्ज केला. हिशी दरवाजाच्या आत त्याची स्मारकशिला आहे, आणि माणसं तिच्यासमोरून न बघता निघून जातात. पुढे ३ जुलै १९४५ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात शहर जळालं. मनोऱ्यावरही एक आगबॉम्ब पडला, पण तो फुटलाच नाही.

मनोऱ्याच्या आत दोन मुख्य खांब आहेत, तळघरापासून वरपर्यंत, जवळपास २५ मीटर उंच. १९५६ ते १९६४ च्या दुरुस्तीत अख्खा मनोरा सुटा करून पुन्हा जोडला, तेव्हा पश्चिमेकडचा खांब कुजलेला निघाला. बदली म्हणून एकसंध हिनोकी (जपानी सायप्रस) वृक्ष शोधला, तो आणताना मोडला. शेवटी दोन लाकडं जोडून खांब उभा केला. गाईडांनी तिसऱ्या मजल्यावर त्या खांबावर हात ठेवून हे सांगितलं, आणि मजले, उंची, युनेस्कोची १९९३ ची नोंद वगैरे माहिती मात्र "ती पत्रकात आहे" म्हणून उडवून लावली. मला हा माणूस तिथेच पटला.

आता कामाचं. आत बूट काढून पिशवीत घेऊन फिरावं लागतं आणि हिवाळ्यात लाकडी जमीन बर्फासारखी गार असते, तेव्हा जाड मोजे घाला. जिने जवळजवळ शिडीसारखे उभे आहेत. गुडघ्यांची तक्रार असलेल्या आई-बाबांना वर नेण्याचा आग्रह धरू नका. त्यांच्यासाठी पश्चिम आवारातला लांब दालनांचा भाग आहे, इएयासुची नात सेनहिमे हिच्या काळातला, आणि तिथून मनोरा फार सुंदर दिसतो. साकुराच्या, म्हणजे चेरी फुलण्याच्या, दिवसांत मात्र जाऊ नका, रांगेतच दिवस जातो.

मंडळाची सहल न्यायची असेल तर मी यायला तयार आहे. नावं बाहेर टेबलावरच्या वहीत लिहा, गाईड हवा त्यांनी पुढे खूण करा. आणि आता मसालेभात.