प्रश्न बदलला, नजर बदलली

नमस्कार श्रोतेहो. जरा हात समोर ताणा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. डोळ्याला एका वेळी अगदी स्वच्छ दिसतं ते साधारण त्या नखाएवढंच. बाकी सगळं धूसर. म्हणून डोळा सेकंदाला तीनेक वेळा जागा बदलतो. आता पुढच्या वेळी तो कुठे उडी मारणार, हे कोण ठरवतं?

हे रशियात आल्फ्रेड यारबस या शास्त्रज्ञानं तपासलं. त्याची तऱ्हा ऐका. माणसाचा डोळा औषधानं बधिर करायचा. पापण्या चिकटपट्टीनं उघड्या धरायच्या. डोळ्यावर एक बारीकशी टोपी हवेच्या ओढीनं चिकटवायची आणि त्या टोपीला इवलासा आरसा. आरशावर प्रकाशाची तिरीप सोडली की डोळ्याबरोबर कवडसा हलणार आणि फोटोच्या कागदावर रेघ उमटणार. हनुवटी टेकवलेली, डोकं तसूभर हलवायचं नाही, एकेका फेरीला ३ मिनिटं!

समोर इल्या रेपिनचं चित्र. हद्दपारीतून सुटलेला माणूस अचानक घरात शिरतोय. म्हातारी आई खुर्चीतून उठलीय, बायको पियानोपाशी, मुलं टेबलाशी, दारात मोलकरीण. चित्र एकच, बघणाराही एकच. बदलला तो फक्त प्रश्न. आधी म्हटलं, नुसतं बघा. मग विचारलं, घरची परिस्थिती कशी वाटते? रेघा कपड्यांवर आणि सामानावर पसरल्या. यांची वयं सांगा. रेघा झाल्या गोळा चेहऱ्यांवर, खुर्च्या-टेबलांकडे कोण बघतो! हा माणूस किती दिवसांनी परतला असेल? आता नजर त्याच्या चेहऱ्यावरून घरच्यांच्या चेहऱ्यांवर, तिथून परत त्याच्यावर, अशा येरझारा घालत राहिली. सात फेऱ्या, आणि रेघांची सात निरनिराळी जाळी. १९६५ साली हे पुस्तकात छापून आलं. पुन्हा सांगतो, चित्र तेच होतं. प्रश्न बदलला, नजर बदलली.

चित्राचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. प्रदर्शनात गेलात तर चित्राखालची पाटी आधी वाचू नका. तीही प्रश्नच घालते, आणि तो दुसऱ्याचा असतो. शाळेच्या सहलीत मुलांना नुसतं ‘नीट बघा रे’ म्हणणाऱ्यांचंही मला नवल वाटतं. काय बघा?

आता आपलं ठाणे स्टेशन. जायचंय नेरुळला. मनात ‘गाडी मिळायला हवी’ एवढंच असेल, तर नजर दार शोधते, गर्दी जोखते, खिडकीची जागा हेरते. इंडिकेटर समोर असतो, पण वाचला जात नाही. गाडी निघते वाशीची! तुर्भ्यापर्यंत रूळ एकच, त्यामुळे शंकाही येत नाही. सानपाडा आलं की कळतं. कानात इअरफोन घातलेले, तेव्हा डब्यातली घोषणा काय उपयोगाची? त्यापेक्षा जिना उतरतानाच मनात म्हणा, ‘इंडिकेटरवर नेरुळ किंवा पनवेल दिसलं तरच चढायचं.’ शब्द आधी मनात धरला की डोळा तो पटकन उचलतो.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांनी अभ्यासलेली बांधणीही हीच: अमुक दिसलं की तमुक करायचं. ‘आज औषध आणायचंय’ हे सैल झालं. ‘गोखले रोडवर मेडिकलची पाटी दिसली की थांबायचं’ हे पक्कं. खूण मात्र वाटेत हमखास भेटणारी हवी. ‘वेळ मिळाला की’ ही खूण नव्हे. वेळ काही पाटी लावून उभा राहत नाही. आणि अशा बांधण्या एका फेरीत एक-दोनच ठेवा, दहा नकोत.

याची दुसरी बाजूही आहे. २०१३ साली अमेरिकेत छापून आलेला एक प्रयोग. २४ रेडिओलॉजिस्टना, म्हणजे स्कॅन तपासणाऱ्या डॉक्टरांना, फुप्फुसाच्या स्कॅनमधल्या गाठी शोधायला सांगितल्या आणि स्कॅनमध्ये गाठीच्या ४८ पट मोठं गोरिलाचं चित्र दडवलं. २० जणांना ते दिसलं नाही, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची नजर थेट त्याच्यावरून गेली होती. डोळे शाबूत, हुशारी शाबूत. प्रश्न गाठींचा होता, गोरिलाचा नव्हता.

तांदूळ निवडताना हेच होतं. खडे शोधणाऱ्या नजरेतून किडा सुटतो. तेव्हा ताट दोनदा फिरवा, एकदा फक्त खड्यांसाठी, एकदा फक्त किड्यांसाठी. दोन्ही एकदम शोधायला गेलात, तर त्यातलं एक भातात येईल.