पुण्याच्या पेठांत खोली भाड्याने घेण्यापूर्वी

नमस्कार. पुण्याच्या पेठांमध्ये आपल्याला परवडेल अशी जागा भाड्याने घ्यायची असेल, तर काय पाहावे, कोणते कागद मागावेत आणि तिथे राहायला गेल्यावर कशाची तयारी ठेवावी, हे आज आपण पाहणार आहोत. ज्यांचे ऑफिस हिंजवडीला किंवा खराडीला आहे, त्यांना पेठेत राहण्याचा आग्रह मी करणार नाही; भाड्यात वाचलेले पैसे आणि त्याहून मोलाचा वेळ त्यांचा रस्त्यातच जाईल. परंतु स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे, लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांत किंवा मध्यवस्तीतल्या बँकांत, शाळांत आणि दवाखान्यांत नोकरी करणारे, यांना इथे दुचाकीवाचून महिना काढता येतो आणि त्यांची मोठी बचत होते ती तिथेच.

एक गोष्ट आधी स्पष्ट केलेली बरी. नव्या इमारतीतला, लिफ्ट आणि पार्किंग असलेला फ्लॅट पेठेत मुळीच स्वस्त नाही. आवाक्यात असतात त्या जुन्या वाड्यांतल्या खोल्या, आणि वाडे पाडून काही दशकांपूर्वी उभ्या राहिलेल्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींचे वरचे मजले. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतले असंख्य वाडे वाहून गेले किंवा खचले, त्यामुळे नारायण आणि शनिवार पेठेत नदीच्या बाजूला तुलनेने नंतरचे बांधकाम अधिक दिसते. जे वाडे तगले, त्यांतले बरेचसे आजही आहेत त्या अवस्थेत अडकून पडले आहेत. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी जवळजवळ गोठवली. दुरुस्तीला मालकाच्या हाती पैसा उरला नाही, भाडेकरू हक्क सोडेनात, आणि दोन पिढ्यांत वारसांची यादी एवढी वाढली की सगळ्यांच्या सह्या एका कागदावर येणे दुरापास्त झाले. शनिवारवाड्याच्या परिसरात यात आणखी एक पेच आहे. संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते, असे 2010 मध्ये दुरुस्त झालेला केंद्रीय कायदा सांगतो.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की त्यातूनच पेठेतल्या व्यवहाराचा सर्वांत मोठा धोका निर्माण झाला आहे. तुम्हाला खोली दाखवणारी व्यक्ती मालक आहे की स्वतःच भाडेकरू आहे, हे तुम्हाला ठाऊक नसते. वाड्यातला जुना भाडेकरू कोथरूडला किंवा सिंहगड रस्त्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला जातो, हक्क सुटू नये म्हणून वाड्यातल्या खोलीची पावती चालू ठेवतो, आणि ती खोली दोन-तीन विद्यार्थ्यांना देऊन मालकाला देत असलेल्या भाड्याच्या कितीतरी पट रक्कम घेतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे, करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि ठेवला तर ते मालकासाठी जागा खाली करून घेण्याचे कारण ठरते. भांडण मालक आणि भाडेकरू यांचे असते. सामान मात्र तुमचे बाहेर येते, आणि ज्याला डिपॉझिट दिले तो फोन उचलत नाही.

कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेऊन, राहणाऱ्यांनाही हेच लागू आहे. सदाशिव पेठ, नारायण पेठ आणि नवी पेठ या भागांत एखादा फ्लॅट भाड्याने घेऊन त्यात सहा-आठ कॉट टाकणारे चालक बरेच आहेत. त्यातले अनेक जण व्यवस्थित काम करतात, हेही सांगितले पाहिजे. तरीही त्यांचा मूळ मालकाशी झालेला करार पाहायला मागा, आणि त्यात इतरांना ठेवण्याची परवानगी लिहिली आहे का आणि तो करार कोणत्या तारखेला संपतो, एवढे दोन मुद्दे वाचा. तुम्ही वर्षभराचे डिपॉझिट भरलेत आणि चालकाचा करार दोन महिन्यांत संपणार असेल, तर तो नवा होईल की नाही हे तुमच्या हातात राहत नाही.

मालक कोण, हे तपासायला फार यातायात लागत नाही. महापालिकेच्या मिळकतकराचे बिल मागा, त्यावरचे नाव पाहा. फ्लॅट असेल तर खरेदीखताची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा) आणि वाडा असेल तर मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) पाहा. बिलावर आजोबांचे नाव असून करार नातू करत असेल, तर इतर वारसांची संमती किंवा मुखत्यारपत्र आहे का, हे विचारायला संकोच करू नका. प्रश्न नम्रपणे विचारला तर घरमालक रागावत नाहीत. जे रागावतात, त्यांच्याकडे राहायला न जाणेच बरे.

आता कराराकडे येऊ. ‘आम्ही नोटरी करतो, तेवढे चालते’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल, आणि ते चुकीचे आहे. 1999 च्या कायद्याचे कलम 55 सांगते, की भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची फक्त परवानगी देणारा) करार, तो लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. मालकाने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय वाद झाल्यास, मालकाने उलट सिद्ध केले नाही तर, अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांची प्रथा कुठून आली, तेही यातून कळेल. 1908 च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोक अकरा महिन्यांवर थांबू लागले. महाराष्ट्रात कलम 55 आल्यावर त्या पळवाटेला अर्थ राहिला नाही. आकडा मात्र सवयीने टिकला.

मग मालक नोंदणीला का टाळतात? खर्च हे कारण पटण्यासारखे नाही. समजा, भाडे दरमहा 12,000 रुपये, मुदत 11 महिने आणि परत मिळणारे डिपॉझिट 50,000 रुपये आहे. मुद्रांक शुल्क मोजताना एकूण भाड्यात, म्हणजे 1,32,000 रुपयांत, डिपॉझिटवरचे 10 टक्के दराने होणारे व्याज मिळवतात आणि त्या बेरजेच्या 0.25 टक्के रक्कम घेतात. ती जेमतेम साडेतीनशे रुपयांच्या घरात जाते. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये, आणि त्यावर घरी येऊन अंगठ्याचे ठसे घेणाऱ्या एजंटाचे पैसे. टाळण्याची खरी कारणे दुसरीच असतात. मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीला पुणे महापालिका करात 40 टक्के सवलत देते, आणि भाडेकरू कागदावर आला की ती जाईल, ही एक धास्ती. भाड्याचे उत्पन्न आयकरात दाखवावे लागेल, ही दुसरी. तिसरी जरा जुनी आहे: 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे लायसन्सवर राहत होते, त्यांना कायद्यातल्या दुरुस्तीने संरक्षित भाडेकरू केले, आणि त्या धक्क्याच्या गोष्टी पेठेतल्या घराघरांत अजून सांगितल्या जातात. अशा मालकाला एवढेच सांगावे, की आजच्या कायद्यात नोंदणीकृत करार त्याच्याच बाजूचा आहे; मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट भरपाई द्यावी लागते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, मालकाला थेट अर्ज करता येतो.

कागद पटले की जागेकडे पाहा, आणि शक्यतो पावसाळ्यात पाहा. महापालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, तेव्हा या वाड्याला अशी नोटीस आली होती का, हे शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा आणि खात्रीसाठी क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा. खोलीत शिरल्यावर रंगाकडे पाहण्याआधी तुळई जिथे भिंतीत शिरते ती जागा पाहा: तिथे ओल असेल, लाकडाचा भुसा पडत असेल किंवा नव्या प्लास्टरचा गोल ठिपका दिसत असेल, तर वरच्या मजल्याचे पाणी तिथे मुरते आहे. मग जिन्याखालच्या विजेच्या बोर्डाशी जा. तुमच्या खोलीला महावितरणचा वेगळा मीटर आहे, की मालकाचा सबमीटर आहे, हे तिथे दिसते. सबमीटर असेल तर युनिटचा दर करारात लिहून घ्या. पाणी कोणत्या वेळेला येते, टाकी कोणाची, पंप कोण चालू करतो आणि संडास किती बिऱ्हाडांत मिळून आहे, हे तिथेच राहणाऱ्याला विचारावे.

राहणीमानाबद्दल थोडक्यात सांगतो. जेवणाची सोय उत्तम आहे. मेस भरपूर आहेत, फक्त रविवारी संध्याकाळी बहुतेक बंद असतात. मंडई आणि स्वारगेट मेट्रोने जोडले गेले आहेत, 29 सप्टेंबर 2024 पासून ती भुयारी गाडी चालू आहे. दुचाकी असेल तर सम-विषम तारखांचे पार्किंगचे फलक पाठ करावे लागतील. गणेशोत्सवाआधी नदीपात्रातल्या ढोल-ताशांचा सराव नारायण पेठेत घरात ऐकू येतो, आणि लक्ष्मी, कुमठेकर, केळकर किंवा टिळक रस्त्यालगत राहत असाल, तर विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत तुमच्या खिडकीखालून जात राहील. मला हा त्रास वाटत नाही. परीक्षा तोंडावर असलेल्याला नक्की वाटेल.

माझे एक मतही नोंदवतो. बाहेरगावची मुले एजंटाला ‘सदाशिव पेठच पाहिजे’ असे सांगतात आणि तिथेच भाव वाढवून घेतात. अभ्यासिका आणि क्लास तिकडे आहेत, हे मान्य. परंतु नोकरी करणाऱ्याने सोमवार, रास्ता आणि नाना पेठेत अवश्य चक्कर मारावी. रेल्वे स्टेशन आणि कॅम्प तिथून जवळ आहेत, आणि सदाशिव पेठ या नावाचा जो वेगळा आकार पडतो, तो तिथे पडत नाही.

शेवटी डिपॉझिट. ते रोख देऊ नका, खात्यातून द्या, आणि करारात रक्कम, तारीख व व्यवहार क्रमांक लिहून घ्या. ‘जागा सोडताना रंगाचा खर्च वजा केला जाईल’ हे कलम बहुतेक छापील मसुद्यांत असते. त्यापुढे रकमेची मर्यादा लिहायला लावा, नाहीतर एका खोलीच्या रंगात अख्ख्या बिऱ्हाडाचा रंग वसूल होतो. ताबा घेताना भिंती, नळ, पंखे आणि मीटरचे रीडिंग यांचे फोटो काढून ते त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. सोडताना एक महिन्याची नोटीस द्यायची असते, आणि तीही लेखीच द्यावी.