निरांजन कोणाच्या हातात?

(इंदूरमधल्या मराठी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत मुलांच्या वाढदिवसावरून जो वाद होतो, तो आता सगळ्यांना पाठ झाला आहे. आजी-आजोबा म्हणतात, केक कापणं आपलं नाही आणि ज्योत फुंकणं तर अशुभच. आई-बाबा म्हणतात, वर्गातली सगळी मुलं असाच जन्मदिन मनवतात, आमच्या एकट्या मुलाला वेगळं का पाडायचं? मला दोघांचंही म्हणणं पटतं. पण सगळा जोर केकवर गेल्यामुळे जे खरोखर हातचं जातंय, त्याकडे बघायला कोणाला सवड नाही.

आधी जुना विधी काय होता ते बघू. कमलाकर भट्टांचा 'निर्णयसिंधु' १६१२चा, काशिनाथ उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' १७९०चा. धर्मशास्त्राच्या या ग्रंथांत वाढदिवसाच्या विधीला वर्धापन म्हटलं आहे. अभ्यंगस्नान, नवं वस्त्र, कुलदेवता आणि जन्मनक्षत्राचं पूजन, मार्कंडेयाची प्रार्थना आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य, परशुराम या सात चिरंजीवांचं स्मरण. मग तीळ आणि गूळ घातलेलं दूध अर्धी ओंजळ प्यायचं. त्या दिवशी काय करू नये याचीही यादी आहे: नखं-केस कापू नयेत, प्रवास करू नये, मांसाहार करू नये, भांडण करू नये, हिंसा करू नये. वाढदिवसाच्या दिवशी मुलाला रागावू नये, असं आपल्या आज्या सांगायच्या, त्याला ग्रंथाचाच आधार आहे. मला या यादीतलं हे कलम सगळ्यात मोलाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट. बाळ वर्षाचं होईपर्यंत हे वर्धापन दर महिन्याला जन्मतिथीला करावं, असं सांगितलं आहे. हल्ली मोबाईलवर फोटो टाकण्यासाठी तरुण आईबाप दर महिन्याला छोटा केक आणतात, तेव्हा घरातले मोठे नाक मुरडतात. त्यांना सांगायला हवं, की दर महिन्याची ही कल्पना आपल्याकडे जुन्या ग्रंथांत लिहून ठेवलेली आहे.

आता केकचं बघा. मेणबत्त्या लावलेल्या केकचा उल्लेख जर्मनीत अठराव्या शतकात सापडतो. झिन्झेनडॉर्फ नावाच्या सरदाराच्या १७४६च्या वाढदिवसाला मोठा केक करून त्यात वयाइतक्या मेणबत्त्या लावल्या होत्या आणि मधोमध एक जास्तीची. तिकडच्या घरांत ही जास्तीची मेणबत्ती मुलाच्या पुढच्या आयुष्यासाठी लावत. ज्या काळात जन्मलेलं मूल पाचवं वर्ष बघेलच असा भरवसा नव्हता, त्या काळातली ही प्रार्थना आहे. चिरंजीव मार्कंडेयाकडे तरी आपण दीर्घायुष्यावाचून वेगळं काय मागतो? म्हणून केकला मी परका शत्रू मानत नाही. मेणबत्ती फुंकू नये, एवढं मात्र मीही म्हणते. अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठाच्या २०१७च्या अभ्यासात फुंकर मारल्यावर आयसिंगवरचे जीवाणू सरासरी १४ पट वाढलेले आढळले. ज्योत राहू द्या, केक कापा, सगळ्यांना वाटा. हा प्रश्न इथे संपला.

तिथीचा प्रश्न मात्र इतक्या झटपट संपत नाही, आणि आपल्या गावात तर मुळीच नाही. आपल्या मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगात पौर्णिमेला. शुक्ल पक्षात जन्मलेल्या मुलाला काही अडचण नाही. वद्य पक्षातल्या मुलाचा महिनाच बदलतो. आपली कृष्णाष्टमी श्रावण वद्यातली, शेजारच्या शर्माजींची भाद्रपद कृष्ण पक्षातली, आणि दिवस तोच. अहिल्यादेवींची पुण्यतिथी घ्या. त्या १३ ऑगस्ट १७९५ रोजी गेल्या, आपल्या हिशोबाने श्रावण वद्य चतुर्दशीला. इंदुरात त्यांची पालखी निघते ती भाद्रपद कृष्ण चतुर्दशी म्हणून. दोन नावं, तिथी एकच. म्हणून नव्या आयांना मी सांगते, बाळाची तिथी लिहून ठेवताना कोणत्या पंचांगातली ते बाजूला लिहा. मूल मोठं झाल्यावर इंटरनेटवर तिथी शोधायला गेलात, की महिनाभराची चूक होते.

चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी तारखेच्या अकराएक दिवस आधी येते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे सरकते. पण १९ वर्षांनी दोन्ही जवळजवळ एकत्र येतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. २००६ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२५मध्येही २७ ऑगस्टलाच. म्हणजे मुलाच्या एकोणिसाव्या वाढदिवशी आकाशातला चंद्र जन्माच्या रात्री होता तसाच असतो. हे मुलाला सातव्या-आठव्या वर्षीच सांगून ठेवा, ते वाट बघतं. आणि वर्षात दोन वाढदिवस झाले तर काय बिघडलं? बादशहा अकबराची तुला, म्हणजे तराजूत बसवून मौल्यवान वस्तूंनी तोलणं, वर्षातून दोनदा होई, सौर वाढदिवसाला आणि चांद्र वाढदिवसाला. तारखेला मित्रांची पार्टी करा, तिथीला घरचं औक्षण. बहुतेक घरांतला वाद इथेच मिटेल.

आता औक्षण. माझ्या बोलण्याचा गाभा हा आहे.

हॉलमध्ये काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. फुग्यांची कमान, माईकवर बोलणारा मुलगा, वाजणारं गाणं. मूल मधोमध आणि चाळीस माणसं एकदम टाळ्या वाजवतात. मुलाचे डोळे कोणावर ठरतच नाहीत. औक्षणात काय होतं? पाट, भोवती रांगोळी, पूर्वेकडे तोंड, डोक्यावर टोपी. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. एक माणूस समोर येतं. कपाळाला कुंकू लावतं, त्यावर अक्षता. अंगठी-सुपारीने ओवाळतं, मग ज्योतीने. हातावर साखर ठेवतं, डोक्यावर अक्षता टाकतं. मूल वाकून नमस्कार करतं. मग दुसरं माणूस येतं. घरातला प्रत्येक जण मिनिटभर फक्त या मुलासाठी त्याच्यासमोर बसतो आणि मूल त्याच्या डोळ्यांत बघतं. एवढं थेट लक्ष मोठ्यांकडून मुलांना वर्षात किती वेळा मिळतं? हे मिनिट आपण हॉलवाल्याच्या पॅकेजमध्ये घालवून बसलो आहोत, आणि मला त्याचं मनापासून दुःख होतं.

पण याच औक्षणात आपण एक फार मोठा अन्याय जपला आहे, आणि परंपरेचं प्रेम असणाऱ्यांनीच तो आधी बोलून दाखवला पाहिजे. ओळखीतल्या एका घरी नातीचा पाचवा वाढदिवस होता. आजीने सकाळपासून तयारी केली. फुलवाती वळल्या, तुपात भिजवल्या, अक्षतांना कुंकू लावलं, तबक मांडलं, आणि बैठकीच्या दारापर्यंत आणून सुनेच्या हातात दिलं. स्वतः स्वयंपाकघरात परतली, कारण आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले होते. तिला जा म्हणून कोणी सांगितलं नाही, थांब म्हणूनही कोणी सांगितलं नाही. तिने आपणहून ठरवलं आणि घराने ते मान्य केलं. नात मात्र पाटावर बसून विचारत राहिली, आजी कुठंय?

या शहरात हे घडावं? अहिल्यादेवींचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पडले. त्यानंतर चाळीस वर्षांहून जास्त काळ त्या विधवा म्हणून जगल्या, त्यातला मोठा काळ राज्य केलं, काशीपासून सोमनाथापर्यंत मंदिरं उभारली. राजवाड्यासमोर त्यांच्या पुतळ्याला आपण हार घालतो, मुलांना त्यांच्यासमोर हात जोडायला लावतो. ज्या हातांना आपण लोकमातेचे हात म्हणतो, त्या हातांनी आपल्या घरच्या बाळाला ओवाळलेलं चालणार नाही का? आणि त्या चालणार असतील, तर आपली आजी का नाही? माझं स्पष्ट मत आहे, की पहिलं औक्षण आजीने करावं. नवरा असो वा नसो. आशीर्वादाला सर्वांत जास्त आयुष्य पाहिलेला हात लागतो.

बाबांनीही तबक धरावं. पुरुषाने ओवाळू नये, अशी समजूत धरून बसण्यात मला अर्थ वाटत नाही. आज बहुतेक बाबा तो वेळ मोबाईलवर व्हिडिओ काढण्यात घालवतात. फोन ठेवा, समोर या. घरी काम करणाऱ्या मावशी तुमच्या मुलाला रोज भरवत असतील, तर त्यांनाही ओवाळू द्या. मुलाच्या मित्रांनी ओवाळलं तरी छान. सहा-सात वर्षांची मुलं निरांजन फार जपून धरतात. फक्त मोठं कोणी शेजारी असावं.

जुन्या पद्धतीत मुलाच्या मित्रांना जागा नव्हती, ही तक्रार खरी आहे, आणि पार्टीने ती उणीव भरून काढली हेही खरं. पण मित्रांसाठी आपल्याकडे बोरन्हाण होतं, ते कमी का झालं कळत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, तिळगूळ. जमलेली पोरं ते वेचायला झेपावतात. मोठ्यांनी आखलेला खेळ नाही, बक्षीस नाही, कोणी हरत नाही. माळव्यातल्या जानेवारीच्या उन्हात गच्चीवर हे करून बघा.

घरी तिथीने वाढदिवस करायचा ठरवलात, तर यंदा एक लक्षात ठेवा. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. ज्येष्ठात जन्मलेल्या मुलांचा वाढदिवस अधिक महिन्यात धरत नाहीत, त्यानंतरच्या निज ज्येष्ठात करतात. तेव्हा शाळा सुरू झालेल्या असतील, म्हणून औक्षण सकाळी डबा भरायच्या आधी उरकावं लागेल. तीळगुळाचं दूध मुलाला आवडलं नाही, तर एक घोट पुरे. आणि आजी दुसऱ्या गावी असेल, तर तिला तिथी आत्ताच फोन करून सांगा, म्हणजे तिला तिकीट काढता येईल.