मोटरहोम उभी करून पाहायचा देश

नमस्कार मंडळी. आजच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर 'मोटरहोममधून लक्झेंबर्ग' असं छापलंय. मोटरहोम म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेलं चाकांवरचं घर. त्यावरून तुमची समजूत अशी झाली असेल की आम्ही नवरा-बायको रोज सकाळी गाडी काढत होतो आणि देशभर हुंदडत होतो. तसं काही घडलं नाही. लक्झेंबर्ग उत्तर-दक्षिण 82 किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम 57. क्षेत्रफळ 2,586 चौरस किलोमीटर, आपल्या गोव्याहूनही बरंच कमी. चहा घेऊन निघालात की जेवणाच्या वेळेआधी देश संपतो आणि समोर बेल्जियमची पाटी लागते. एवढ्याशा देशात मोटरहोम घेऊन जावं, एका नदीकाठी ती उभी करावी आणि तिची चावी खुंटीला टांगून ठेवावी, हे माझं ठाम मत आहे. ते कसं झालं ते सांगते.

गाडी जर्मनीत भाड्यानं घेतली. लेक तिकडे असते, तिच्या गावाजवळूनच. साडेतीन टनांपर्यंतच्या मोटरहोमला मोटारीचं साधं लायसन्स चालतं, जोडीला आपल्या आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. पण हे साडेतीन टन म्हणजे रिकामी गाडी नव्हे. त्यात माणसं आली, गॅसचा सिलिंडर आला, माझे डबे आले. शंभर लिटरची पाण्याची टाकी काठोकाठ भरली की शंभर किलो तिथंच गेले. आमच्या ह्यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाली. वजनाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. रस्त्यावर टाकी कायम अर्धी. मुक्कामाला पोचेपर्यंत मी हात धुवायचं पाणीसुद्धा मोजून वापरलं.

मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम म्हणजे गाडी पातळीत आणणं. नदीकाठच्या गवताळ जागा दिसायला सपाट असतात, पण नसतात. मग चाकाखाली प्लॅस्टिकच्या पाचरी सरकवायच्या, गाडी त्यांवर इंचभर चढवायची, हँडब्रेक ओढायचा. हे ओट्यावर स्पिरिट लेव्हल ठेवून बुडबुडा बघायचे. माझी परीक्षा सोपी होती: कढईत तेल घालायचं. तेल एका कडेला धावलं की मी खिडकीतून ओरडायची, "अहो, अजून डावीकडे!" दोन्ही परीक्षांत गाडी उत्तीर्ण झाली की निळा प्लग विजेच्या खांबाला लावायचा. वीज बऱ्याच ठिकाणी सहा किंवा दहा अँपिअरच मिळते. इंडक्शन आणि किटली एकदम लावलीत की अंधार.

तिथं वाटेल तिथं गाडी लावून मुक्काम ठोकायला मनाई आहे, कॅम्पसाइटवर किंवा मोटरहोमसाठी ठरवलेल्या जागीच राहावं लागतं. आम्ही डिकिर्श या गावी सूर नदीच्या काठी उतरलो. आणि आता मुद्द्याची गोष्ट. 29 फेब्रुवारी 2020 पासून लक्झेंबर्गमध्ये सार्वजनिक वाहतूक फुकट आहे. बस, ट्राम, रेल्वेचा दुसरा वर्ग, सगळं. संपूर्ण देशभर असं करणारा जगातला हा पहिला देश. पास नाही, अ‍ॅप नाही. तिथला मंत्री बसला काय आणि आपण बसलो काय, सारखंच. तिकीट लागतं ते फक्त रेल्वेच्या पहिल्या वर्गाला.

त्यांनी हे दानधर्म म्हणून केलेलं नाही. देशाची लोकसंख्या सात लाखांच्या आत, त्यातले जवळजवळ निम्मे परदेशी नागरिक. शिवाय फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून रोज दोन लाखांहून जास्त माणसं कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. आपल्या गाड्यांनी ती येतात, आणि रस्ते तुंबतात. तिकिटातून मिळणारं उत्पन्न तसंही खर्चाच्या मानानं किरकोळ होतं, ते सोडून दिलं. कोंडी त्यानं मिटली असं मात्र कुणी समजू नये. ज्यांच्याकडे गाडी आहे ते गाडीनंच येतात.

आमच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. तीन मीटर उंचीचं घर राजधानीच्या गल्लीबोळांत घुसवायचं कशाला? रेल्वेत बसलो आणि लक्झेंबर्ग शहरात उतरलो. हे शहर दोन मजली आहे असं म्हटलं तरी चालेल. वर किल्ल्याचं पठार, खाली नदीचं खोरं. खालच्या फाफेनटाल वस्तीतून वर जायला 71 मीटर उंचीची काचेची लिफ्ट आहे, तीही फुकट. कड्याच्या पोटात तोफांसाठी आणि सैन्यासाठी खोदलेले बोगदे आहेत. बॉक नावाच्या सुळक्यातलं काम स्पॅनिश राजवटीत 1644 मध्ये सुरू झालं. नंतर 1867 च्या लंडन करारात ठरलं की हा देश तटस्थ राहील आणि किल्ला पाडला जाईल. पाडण्यात सोळा वर्षं गेली. बोगदे मात्र पुरते बुजवता येईनात, कारण वरचं शहरच खचलं असतं. 1994 मध्ये युनेस्कोनं जुन्या शहराचा आणि या तटबंदीचा समावेश जागतिक वारसा यादीत केला.

व्हियांडनचा किल्लाही बसनंच पाहिला. 1820 मध्ये तेव्हाच्या डच राजानं तो चक्क विकून टाकला. घेणाऱ्यानं छप्पर, दारं, खिडक्या सुट्या सुट्या विकल्या. 1871 मध्ये बेल्जियमनं हाकलल्यावर व्हिक्टर ह्यूगो या गावात पुलापाशी राहिला, तेव्हा त्याला समोर दिसत होते ते नुसते भग्नावशेष. आज दिसतो तो किल्ला 1977 मध्ये सरकारच्या ताब्यात आल्यावर पुन्हा उभा केलेला आहे.

आमच्या ह्यांना विचाराल तर लक्झेंबर्गचं सर्वांत प्रेक्षणीय स्थळ वासरबिलिग. जर्मन सीमेवरचं गाव, आणि त्यात ओळीनं पेट्रोलपंप. इंधनाची कमाल किंमत सरकार ठरवतं, शेजाऱ्यांहून कर कमी, म्हणून भाव देशभर जवळपास एकच आणि स्वस्त. शेजारच्या देशांतले लोक खास टाकी भरायला येतात. बेल्जियमच्या मार्तेलांज गावात तर रस्त्याची एक बाजू बेल्जियम आणि दुसरी लक्झेंबर्ग. पंप कोणत्या बाजूला आहेत हे सांगायला नको.

मे-जूनमध्ये जाणार असाल तर पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरचा मंगळवार साधा. त्या दिवशी एक्टरनाखला नाचत मिरवणूक निघते. पाच-पाच जणांच्या ओळी, शेजाऱ्याशी जोडणारा पांढरा रुमाल दोघांच्या हातात, बँडची एकच पोल्का धून, आणि डावीकडे-उजवीकडे उड्या मारत बॅसिलिकातल्या संत विलिब्रॉर्डच्या समाधीपर्यंत. म्हातारी माणसं, शाळकरी पोरं, घामानं भिजलेले वाजंत्री. हसत कुणी नाचत नाही, ही प्रार्थना आहे. त्या संताच्या इथल्या मठाची स्थापना 698 मधली.

आणि शेंगेन. ज्याच्या व्हिसासाठी आपण बँकेच्या पासबुकापासून घराच्या उताऱ्यापर्यंत सगळ्याच्या झेरॉक्स काढतो, ते शेंगेन म्हणजे मोझेल नदीकाठचं द्राक्षमळ्यांचं खेडं. जर्मनी, फ्रान्स, लक्झेंबर्ग तिथं एकमेकांना भिडतात. 14 जून 1985 ला नदीतल्या 'प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड' या बोटीवर पाच देशांनी आपसांतल्या सीमांवरची तपासणी हळूहळू उठवण्याच्या करारावर सह्या केल्या. गंमत अशी की इथं मोझेल मधोमध वाटलेलीच नाही. सगळं पात्र जर्मनी आणि लक्झेंबर्गच्या सामायिक मालकीचं आहे, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून. सामायिक विहिरीपायी तीन पिढ्या कोर्टात घालवणारी घराणी मला ठाऊक आहेत, म्हणून मी त्या काठावर जरा जास्तच वेळ बसले.

परतताना पुलापलीकडे जर्मन पोलीस उभे होते. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीनं या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केलीय. पासपोर्ट बघितले, आत डोकावून शेल्फवरच्या कुकरकडे जरा संशयानं पाहिलं आणि हात केला. शेंगेनच्या दारात आमची झडती झाली ती अशी. लक्झेंबर्गमधल्या लोकांना हे फार लागतं, रोजचं जाणं-येणं त्यांचं.

एक चिठ्ठी आलीय: 'संडासाची व्यवस्था काय?' कुणी विचारतच नव्हतं, बरं झालं. गाडीच्या कुशीत बाहेरून उघडणारं एक झाकण असतं. आत साधारण वीस लिटरची चाकं लावलेली पेटी. ती ओढत कॅम्पसाइटवरच्या ठरलेल्या मोरीवर न्यायची, रिकामी करायची, विसळायची, औषध घालून परत सरकवायची. दोन माणसांना एक-दोन दिवस पुरते. हे काम आमच्याकडे ह्यांचं. एसटीत गिअरबॉक्स उतरवले, इथं पेटी उतरवतो, असं म्हणतात. ते तिसऱ्या रांगेत बसलेत. तपशील त्यांना विचारा.