पाच आणे चार पैत दडलेली वंशावळ

नमस्कार, श्रोतेहो. गावाकडच्या जमिनीचा जुना, हाताने लिहिलेला सातबारा घरात असेल तर आज तो बाहेर काढा. काही नावांना कंस केलेला दिसेल आणि नावांपाशी वर्तुळात आकडे दिसतील. कंसातले नाव म्हणजे ज्याचा हक्क संपला तो माणूस. वर्तुळातला आकडा म्हणजे तो हक्क ज्या फेरफाराने, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीने पुढे गेला, त्याचा क्रमांक. इंग्रजी अमदानीतले पूर्वज शोधायचे तर या आकड्याचे बोट धरून मागे जायचे.

आडनावावर भिस्त ठेवलीत तर वाट चुकते. जुन्या कागदांत आडनाव असेलच असे नाही. 'राणोजी बिन संताजी' एवढ्यावर काम भागवलेले असते. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. वलदचा अर्थही तोच. बाईच्या नावानंतर कोम, भ्रतार किंवा जौजे आले, तर पुढचे नाव नवऱ्याचे. एकाच घराण्याला एका कागदात पाटील म्हटलेले असते आणि दुसऱ्यात मूळ आडनावाने नोंदलेले असते. जमिनीचा नंबर मात्र सहजी बदलत नाही, आणि बदलला तर त्याचा कागद मागे राहतो. १९४७ च्या कायद्याने जिथे एकत्रीकरण योजना, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडण्याची योजना झाली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला, हे तालुक्याच्या उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या उताऱ्यात मिळते. हा उतारा न काढताच गट नंबर घेऊन १९३० सालचा कागद मागणाऱ्याला 'नोंद सापडत नाही' हेच उत्तर मिळणार, कारण त्या साली तो गट अस्तित्वातच नव्हता.

आता फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली आला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात सामावला गेला. म्हणून बहुतेक गावांत फेरफारांची साखळी विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड-दोन दशकांपर्यंत मागे जाते. वारसाच्या फेरफारात मयताचे नाव, वारसांची नावे आणि नाते असते. इथे एक चूक हमखास होते: नोंदीची तारीख हीच मृत्यूची तारीख धरली जाते. वारसांनी वर्दी वर्षा-दोन वर्षांनीच काय, दहा वर्षांनीही दिलेली असू शकते. त्यामुळे मजकुरात 'मयत होऊन इतकी वर्षे झाली' असे काही लिहिले आहे का, ते बघा. शेवटच्या रकान्यात 'रद्द' शेरा असला तरी ती नोंद टाकून देऊ नका. हक्क नामंजूर झाला असेल, पण सांगितलेले नाते कामाचे असू शकते.

सगळ्यात जास्त माहिती लपलेली असते ती आणेवारीत. पीक मोजायची आणेवारी वेगळी, ही हिश्शाची. पूर्ण जमीन म्हणजे सोळा आणे, एक आणा म्हणजे बारा पै, एकूण १९२ पै. समजा, एका नंबरावर चार नावे आहेत आणि त्यांच्यापुढे ५ आणे ४ पै, ५ आणे ४ पै, २ आणे ८ पै, २ आणे ८ पै असे हिस्से आहेत. ५ आणे ४ पै म्हणजे ६४ पै, बरोबर एक तृतीयांश. २ आणे ८ पै म्हणजे त्याच्या निम्मे. म्हणजे मूळचे तीन भाऊ, दोन हयात, तिसरा वारलेला आणि त्याचे दोन मुलगे, असा पहिला अंदाज बांधता येतो. नाते कुठेही लिहिलेले नसताना चुलते-पुतणे समोर उभे राहतात! मग हा अंदाज फेरफारावर घासून बघायचा, कारण खरेदी किंवा हक्कसोड झाली असेल तर हेच आकडे वेगळ्या कारणाने येतात. बेरीज सोळा आणे भरत नसेल तर एक शाखा नजरेतून सुटली आहे असे समजा आणि तिचा फेरफार शोधा.

एकट्या थोरल्याचे नाव आणि पुढे 'ए.कु.मॅ.' दिसले, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. धाकटे भाऊ त्याच्या नावामागे आहेत. ते पुढे वाटपाच्या फेरफारात बाहेर येतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वयात न आलेल्या वारसाचा पालक. १९२० च्या नोंदीत मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असेल, तर त्याचा जन्म साधारण १९०२ नंतरचा धरायला हरकत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतरची चार-पाच वर्षे तर पानोपानी वाचा. एकाच घरातले मृत्यू पाठोपाठ नोंदलेले मिळू शकतात.

ज्यांचे घर कूळ म्हणून जमीन कसत होते, त्यांची वाट १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापाशी, म्हणजे कूळ कायद्याने कुळांना मालक ठरवण्याच्या दिवसापाशी वळते. त्या कायद्याच्या कलम ३२-ग च्या फेरफाराआधी मालकाच्या रकान्यात परकेच नाव येईल. त्या परक्या घराण्यामागे जाऊ नका. नमुना १२ मधला कसणाराचा रकाना आणि 'रीत', म्हणजे जमीन कोणत्या प्रकारे कसली ते बघा. तुमचे आजोबा तिथे आहेत.

मुलींची नावे १९५६ पूर्वीच्या वारसनोंदींत क्वचितच सापडतात. त्यासाठी गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते जन्म-मृत्यूचे रजिस्टर, आणि शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर बघावे लागते. फेरफारातला मृत्यू तिथल्या तारखेशी जुळवून घेता येतो, हा आणखी एक फायदा.

नकलेच्या अर्जात गावाचे आजचे नाव आणि त्या काळचा तालुका, दोन्ही लिहा. १८८५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यात आठच तालुके होते: जुन्नर, खेड, मावळ, शिरूर, हवेली, पुरंदर, भीमथडी, इंदापूर. बारामती तेव्हा भीमथडीत होती. भोर तर १९४८ पर्यंत संस्थानच होते, तेव्हा तिथल्या गावांचे दप्तर निराळे. सर्व्हे नंबराचे सगळे पोटहिस्से मागा; एकच हिस्सा मागितला तर भावकीची शाखा हातची जाते. 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर स्कॅन केलेले जुने फेरफार आणि सातबारे मिळतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात जाण्याआधी ते चाळा. पुण्याच्या पेठांतल्या घरांना सातबारा नाही. तिथे मालमत्ता पत्रक आणि सिटी सर्व्हेची चौकशी नोंदवही मागायची.

फेरफार क्रमांक १ च्याही मागे जायचे असेल, तर मोजणीचे दप्तर आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी या पद्धतीची सुरुवात आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापुरात, १८३५-३६ मध्ये केली. त्या धाटणीच्या सूड आणि फैसल पत्रक या मोजणीच्या जुन्या कागदांत खातेदाराचे नाव मिळू शकते. घराण्याकडे वतन किंवा इनाम असेल, तर पुण्यातल्या कौन्सिल हॉलजवळचे पेशवे दप्तर गाठा. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने हक्क तपासले, तेव्हा वंशपरंपरा सिद्ध करावी लागे. त्यामुळे कैफियतींबरोबर वंशावळी जोडल्या गेल्या.

तिथले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे सोडले की समोर मोडी येते आणि सालही वेगळे. शकात ७८ मिळवा, आपल्याकडच्या फसलीत, म्हणजे महसुली सालात ५९०. शके १८२२ आणि फसली १३१० दोन्ही १९०० सालीच सुरू होतात. फसली वर्ष जूनमध्ये लागते, म्हणून जानेवारी ते मेच्या कागदाला ५९१ मिळवायचे. मोडीत आधी रेघ ओढून खाली अक्षरे लिहीत, शब्द तोडत नसत, ह्रस्व-दीर्घ पाळत नसत. म्हणून पहिल्या ओळीपासून वाचत बसू नका. तुमच्या गावाचे नाव कागदावर शोधा, त्यातल्या अक्षरांची वळणे उतरवून घ्या आणि मग 'बिन' कुठे कुठे आला आहे ते बघा. त्याच्या दोन्ही बाजूंना बाप आणि लेक आहेत.