दोराविना चढाई

श्रोते हो, नमस्कार.

गिर्यारोहण म्हटलं की दोर आणि उभा कडा डोळ्यांपुढं येतो. बोल्डरिंगला दोर लागतच नाही. बारा-पंधरा फुटांचा धोंडा, खाली जाड गादी, पायात घट्ट रबरी बूट आणि हाताला घाम टिपणारी पांढरी पूड, एवढ्यावर भागतं.

एवढंसं चढण्यात काय मोठं, असं वाटेल. धोंड्यावर जायची सोपी वाट बहुधा मागच्या बाजूला असतेच. इथं मुद्दाम अवघड अंग निवडतात आणि पाच-सहा हालचालींपायी लोक महिनोन्‌महिने झटतात. पॅरिसजवळच्या फोंतेनब्लो जंगलात हा नाद शंभर वर्षांहून जुना. जिम्नॅस्टची ती पूड चढाईत आणली अमेरिकेच्या जॉन गिलनं, 1950च्या दशकात. टोकियोपासून बोल्डरिंग ऑलिंपिकमध्येही आहे, पण तो कृत्रिम भिंतीवरचा खेळ.

पहिला धडा मात्र पडण्याचा. तालमीत वस्ताद आधी अंग टाकायला शिकवतो, तसंच. दोन्ही पायांवर एकदम उतरायचं, गुडघे सैल सोडायचे आणि पाठीवर लोळण घ्यायची. हात छातीशी. पडताना हात मागं टेकायची आपल्याला उपजत खोड असते, आणि मनगट नाहीतर कोपर त्यातच जातं. खाली उभा असलेला सोबती आपल्याला झेलत नसतो. तो पाठीला हात देऊन आपल्याला गादीकडं वळवतो, डोकं आपटू देत नाही. त्याचं लक्ष मोबाइलमध्ये असेल तर खुशाल खाली उतरा.

नवखी पोरं नुसती दंडाच्या जोरावर ओढत सुटतात. भार पायांवर घ्या, अंगठ्याच्या टोकावर. बोटांचे स्नायुबंध दंडाइतक्या लवकर तयार होत नाहीत. बोट दुखायला लागलं की त्या दिवसापुरतं पुरे.

आता आपल्या मुलखाचं. बेळगाव-खानापूरकडचा जांभा ठिसूळ, त्याची कड हातात सुटून येते. त्याच्या नादी लागू नका. गोकाककडं वालुकाश्म लागतो. बदामीच्या तांबड्या वालुकाश्मासाठी तर परदेशातून चढणारे येतात, बहुतेक दोराच्या चढाईला. बोल्डरिंगची पंढरी म्हणाल तर हंपी. तिथला ग्रॅनाइट इतका खरबरीत की दुसऱ्या दिवशी भाकरी मोडतानासुद्धा बोटं चुरचुरतात. दोन्हीकडं लेणी, देवळं, जुने तट यांच्या दगडाला हात लावायचा नाही. इतरत्रही आधी तिथं चढायला परवानगी आहे का ते विचारा.

आणि पावसाचं सांभाळा. वालुकाश्मात पाणी मुरलं की त्याची ताकद घटते. वरून सुकलेला दिसतो, पण हातातली कपार तुटते, आणि एकदा तुटली की ती वाट कायमची बदलते. पाऊस उघडल्यावर निदान दोन-तीन दिवस जाऊ द्या. चांगला हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तोही सकाळचा. ऊन चढलं की बोटांना घाम सुटतो आणि पकड निसटते. तेव्हा बदामीला जायचं तर आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचलेलं बरं.

नमस्कार.