हात पाठीमागे

(पडद्यावर: भोर तालुक्यातलं भातकापणी झालेलं खाचर. चार तंबू. तीन दगडांची चूल, तिच्यातून निघणारा दाट धूर.)

ही चूल पंचवीस मिनिटं झाली, पेटत नाहीये. लाकडं ओली आहेत. रात्री दव पडलं आणि लाकडं झाकून ठेवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दोघीजणी वाकून फुंकताहेत, डोळ्यांना धारा लागल्यात. तिसरी धुतलेल्या तांदळाचं पातेलं घेऊन तशीच उभी आहे. सगळ्यात मोठी मुलगी तेरा वर्षांची.

मी त्यांच्यापासून दहा पावलांवर आहे. कोरडी लाकडं टेंपोत ताडपत्रीखाली आहेत, हे मला माहीत आहे. कालच संध्याकाळी ती सगळ्यांना दाखवली होती. "टेंपोत बघा" एवढे दोनच शब्द पुरेत. पण ते मी उच्चारत नाही. हात पाठीमागे बांधून उभी राहते.

गेली चौदा वर्षं मी हेच शिकते आहे.

(पडद्यावर: पुणे. रविवार, सकाळचे साडेसहा. शाळेचं मैदान. मुली येताहेत, गळ्यात स्कार्फ.)

मी भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या एका खुल्या पथकाची गाईड कॅप्टन आहे. खुलं पथक म्हणजे शाळेला जोडलेलं नसलेलं. महाराष्ट्रात बहुतेक पथकं शाळेतच चालतात आणि त्यांचा भार एखाद्या शिक्षिकेवर असतो. तिच्याकडे वर्ग असतो, परीक्षा असतात, निवडणुकीचं काम असतं, आणि त्यात हेही. त्या बायकांबद्दल मला फार आदर आहे. आमचं तसं नाही. आमच्याकडे कुठल्याही शाळेतली मुलगी येते, आणि आम्ही सगळे आपापली नोकरी सांभाळून येतो. सोमवार ते शनिवार मी एका पतसंस्थेत काम करते. माझा रविवार या मैदानावर जातो.

याचे पैसे मिळत नाहीत. हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून आधीच सांगितलं.

माझ्याबरोबर एक ताई आहेत. त्या नर्स आहेत आणि महिन्यातून दोन रविवार रात्रपाळी संपवून थेट मैदानावर येतात. आधी चहा पितात, मग मुलींना बँडेज शिकवतात. शेजारच्या कोपऱ्यात मुलांचं स्काऊट पथक भरतं. ते घेणारे सर आयटीआयमधून निवृत्त झालेत. बांबू आणि दोरी हातात आली की त्यांचा चेहराच बदलतो. आणि टेंपोवाले काका. त्यांची मुलगी आमच्याकडे होती. ती मोठी होऊन नोकरीला लागली, काका मात्र राहिले.

मुलगी येते तेव्हा दहा-अकरा वर्षांची असते. आधी प्रवेश, मग प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार, अशा एकेक पायऱ्या. पालक पहिल्याच दिवशी विचारतात, "याचे मार्क मिळतात का?" त्यांचं चुकत नाही. क्लासची फी, रिक्षाचे पैसे, वर हा गणवेश. पोटाला चिमटा काढून पाठवतात. मी त्यांना म्हणते, "सहा महिने पाठवा. मग मार्कांचं बोलू." सहा महिन्यांनी फार थोडे जण तो विषय पुन्हा काढतात. तोवर मुलगी सहलीची पिशवी स्वतः भरायला लागलेली असते.

(पडद्यावर: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. समुद्रातलं झाडीने भरलेलं बेट. तंबू, अर्ध्या चड्डीतली मुलं.)

हे सगळं सुरू झालं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राऊनसी नावाच्या छोट्याशा बेटावर, 1907 च्या ऑगस्टमध्ये. रॉबर्ट बेडन-पॉवेल या लष्करी अधिकाऱ्याने तिथे वीसेक मुलं नेली. काही श्रीमंतांच्या शाळांतली होती, काही कामकरी घरांतली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही दोन्ही मुलं एकत्र जेवायला बसणंही कठीण होतं. त्याने त्यांचे चार संघ केले. लांडगा, बैल, डोमकावळा आणि कर्ल्यू हा पाणपक्षी, अशी त्यांची नावं. प्रत्येक संघाला मुलांमधलाच एक नायक. संघाचं जे काही बरंवाईट होईल, त्याला जबाबदार तो.

माझ्या मते खरा शोध हाच. गाठी, तंबू, शिट्ट्या, सलाम हे सगळं नंतरचं. बारा-तेरा वर्षांच्या पोराकडे सहा-सात जणांची जबाबदारी देऊन मोठ्या माणसाने चार पावलं मागे सरायचं. याला संघपद्धती म्हणतात. आमच्या प्रशिक्षणात हा शब्द पहिल्या दिवशी येतो. अंगात भिनायला मात्र वर्षं जातात.

आपल्याकडे ही चळवळ 1909 मध्ये बंगलोरला सुरू झाली. जबलपूरला 1911 मध्ये गाईड्सची पहिली तुकडी उभी राहिली. पण सुरुवातीच्या त्या तुकड्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होत्या, भारतीय मुलांना तिथे प्रवेश नव्हता. हे मी मुलींना मुद्दाम सांगते. मग मद्रासला ॲनी बेझंट आणि त्यांचे सहकारी जॉर्ज अरुंडेल यांनी भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी 1918 मध्ये सेवा समितीची स्काऊट संघटना उभारली. दार बंद होतं तर या माणसांनी आपलं घरच वेगळं बांधलं. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 रोजी या वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकच संस्था झाली. गर्ल गाईड्स तिच्यात आल्या 15 ऑगस्ट 1951 ला.

(पडद्यावर: रात्र. स्वयंपाकघरातलं टेबल. कागद, फाइल, चष्मा.)

शिबिराचे फोटो सगळे पाहतात. हे टेबल कुणी पाहत नाही.

तीन दिवसांच्या शिबिरासाठी माझी दीड महिना आधीपासून धावपळ असते. प्रत्येक पालकाची लेखी संमती. कुणाला दमा, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, कुणाची गोळी रात्री साडेआठची. जवळचा दवाखाना किती किलोमीटरवर, तिथे रात्री डॉक्टर असतात का. स्थानिक पोलिसांना कळवणं. पिण्याच्या पाण्याची सोय. मुलींच्या शौचालयाला दार आणि दाराला आतून कडी आहे की नाही, हे मी स्वतः जाऊन, कडी लावून बघते. एकटी मोठी व्यक्ती एकट्या मुलीबरोबर कधीही राहणार नाही, नेहमी दोघी, हा नियम आमच्याकडे पाळला जातो. कुणी ओळखीचं असो, कुणी नात्यातलं असो, अपवाद नाही.

एका वर्षी शिबिराच्या चार दिवस आधी जागा रद्द झाली. देणाऱ्यांना अचानक दुसरा कार्यक्रम मिळाला. एकतीस मुलींनी पिशव्या भरून ठेवल्या होत्या. त्या रात्री मी खूप रडले, आणि आता सोडून द्यावं असं मनापासून वाटलं. दुसऱ्या दिवशी काकांनी हे भोरचं खाचर शोधून दिलं. शेतकरीदादा म्हणाले, "भात निघालाय, जागा मोकळीच हाय. पोरींना काय त्रास नाय व्हायचा." तेव्हापासून आम्ही दर डिसेंबरला इथेच येतो.

सोडून जाणारे पुष्कळ असतात. नवीन ताई उत्साहाने येतात आणि वर्षभरात थांबतात. लग्न, बदली, सासू-सासऱ्यांचं आजारपण, स्वतःच्या मुलांची दहावी. कुणाला दोष कसा द्यायचा? पण एक आणखी कारण आहे. मुलींना शिकवायला म्हणून त्या येतात, आणि इथे शिकवणं कमी, थांबणं जास्त. ज्यांना भराभर काम उरकायची सवय आहे, त्यांना हे फार जड जातं. मलाही गेलं.

(पडद्यावर: पचमढीची साग-सालाची झाडी.)

मध्य प्रदेशात पचमढीला संस्थेचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. आम्हा मोठ्यांचं शिक्षण बेसिक, मग ॲडव्हान्स, आणि शेवटी हिमालय वुड बॅज असं पायरीपायरीने होतं. वुड बॅज म्हणजे चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी. त्याचं पहिलं शिबिर लंडनजवळ गिलवेल पार्कला 1919 मध्ये झालं. पचमढीला गेल्यावर आम्हालाही संघांत विभागलं. आमच्या संघात दोन मुख्याध्यापिका होत्या, एक कॉलेजात शिकवणाऱ्या, एक रेल्वेतल्या. आमचा तंबू आम्ही ठोकायचा, आमचं जेवण आम्ही करायचं. दुसऱ्या रात्री पाऊस आला आणि आमचा तंबू एका बाजूने बसला. प्रशिक्षक बॅटरी घेऊन आले, आमच्याकडे पाहिलं, कुणाला लागलं नाही ना एवढं विचारलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. भिजत. आम्हाला खुंट्या पुन्हा ठोकून होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

त्यांना छत्री उघडता आली असती. उघडली नाही. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

(पडद्यावर: आळंदी रस्ता, विश्रांतवाडी. टाळ-मृदंगाचा आवाज. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका.)

आषाढी वारीत ज्ञानोबामाउलींची पालखी आळंदीहून याच रस्त्याने पुण्यात येते. आमच्या मुली दरवर्षी इथे पाणी वाटतात, प्रथमोपचाराचं टेबल लावतात. गळ्यातला स्कार्फ शोभेचा नाही. तो त्रिकोणी असतो, कारण वेळ पडली तर त्याची झोळी करून मोडलेला हात अडकवता येतो.

गेल्या वारीत आमची सर्वांत लहान मुलगी, अकरा वर्षांची, पहिल्यांदा टेबलावर होती. एक आजी येऊन बसल्या. टाचेला फोड आलेला, फुटलेला. मुलीने हात धुतले, हातमोजे घातले, जखम पुसली, पट्टी गुंडाळली. गुंडाळताना ती इतकी घाबरली होती की पट्टी जीव खाऊन आवळली. मी मागे उभी होते. माझे हात पुढे आलेच होते. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "सैल कर गं लेकी, अजून पंढरपूर गाठायचंय." मुलीने पट्टी सोडली आणि पुन्हा बांधली. या वेळी बरोबर. आजींनी तिच्या पायावर डोकं टेकवलं. वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात, पण त्या पोरीला हे माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग तीही वाकली.

मी हात पुढे केला असता तर तो क्षण तिचा झाला नसता.

(पडद्यावर: 'संगम'चं आवार. वेगवेगळ्या देशांच्या गाईड्स.)

याच आळंदी रस्त्यावर 'संगम' आहे. गाईड्सची जगात मोजकी जागतिक केंद्रं आहेत. स्वित्झर्लंड, मेक्सिको, लंडन, आपलं पुणे आणि आफ्रिकेतलं एक फिरतं केंद्र. 'संगम' उघडलं 16 ऑक्टोबर 1966 रोजी. कितीतरी पुणेकर त्या फाटकावरून रोज जातात आणि आत काय आहे हे त्यांना ठाऊक नसतं. आत जगभरातून आलेल्या स्वयंसेविका राहतात, काम करतात. मी मुलींना तिथे घेऊन जाते. पहिल्यांदा त्या लाजतात, इंग्रजी येत नाही म्हणून मागे मागे राहतात. मग कुणीतरी डावा हात पुढे करतं. गाईड्स डाव्या हाताने हस्तांदोलन करतात, सगळ्या जगात. तो हात ओळखीचा वाटतो आणि मुली पुढे सरकतात. एकदा तर आमच्या जास्वंद संघाने परदेशी तायांना लगोरी शिकवली. तासभर कुणालाही भाषेची आठवण झाली नाही.

(पडद्यावर: पुन्हा खाचर. चूल.)

चूल अखेर पेटली. अबोली संघाची नायिका उठली, एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्याकडून काही मिळणार नाही हे तिने ओळखलं. चुलीभोवती एक फेरी मारली, थबकली, आणि टेंपोकडे पळाली. कोरडी लाकडं मिळाली. जाळ धडाडला, आणि धडाडला म्हणून भात खाली लागला. खालचा थर काळा, मधला बरा, वरचा जरा कच्चा. शेतकरीदादांनी दिलेला इंद्रायणी तांदूळ, त्यामुळे वास सगळीकडे सुटला, करपल्याच्या वासासकट.

आठही जणी पंगतीत बसल्या. नायिकेने सगळ्यांत शेवटी वाढून घेतलं, आणि स्वतःच्या ताटात खालचा, काळा भात घेतला. कुणी तिला सांगितलं नव्हतं. नर्सताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. त्यांचे डोळे भरून आले होते. या वेळी धूर नव्हता.

रात्री नायिकांची बैठक झाली. तिथे आम्ही मोठे बसतो, पण विचारल्याशिवाय बोलत नाही. अबोलीच्या नायिकेने वहीत लिहिलं: झोपण्याआधी लाकडं झाकणे. काम कोणाचं, तेही लिहिलं. तिने स्वतःचं नाव घातलं नाही, संघातल्या सगळ्यात धांदरट मुलीचं घातलं. मी मध्ये पडणार होते. पडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडं कोरडी होती, आणि ती धांदरट मुलगी चुलीजवळ सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

(पडद्यावर: तंबू उतरताहेत. मुली एका ओळीत खाचरातून चालताहेत, वाकून काहीबाही वेचताहेत.)

शेवटच्या दिवशी चुलीचे दगड जिथून आणले तिथे परत जातात. राख गार करून पुरली जाते. खुंट्यांची भोकं बुजवतात. मग सगळ्या एका ओळीत, हातभर अंतर ठेवून, खाचराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात आणि कागदाचा कपटाही उचलतात.

शेतकरीदादा बांधावर येऊन उभे राहिले. अबोलीची नायिका त्यांच्याकडे गेली, सलाम केला, सगळ्यांच्या वतीने आभार मानले. ते म्हणाले, "मग पुढच्या सालाला येणार का?"

दरवर्षी या प्रश्नावर नायिका मागे वळून माझ्याकडे बघतात. या वेळी ती वळली नाही.

"येणार," ती म्हणाली. "डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चालेल ना, काका? तुमचं झोडपणं तोवर होतं ना?"

शेतकरीदादा खिशातून तंबाखूची पुडी काढत विचारात पडले. मी दहा पावलांवर होते. तिथून त्यांचं पुढचं बोलणं मला नीट ऐकू आलं नाही, पण तिने वही काढून काहीतरी लिहून घेतलं.